घरपट्टीवरची हरकत : आकारणीचा उरलेला अर्धा भाग

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदेच्या गावात साधारण दर चार वर्षांनी घरोघरी एक नोटीस येते. घराचे नवे करयोग्य मूल्य, त्यावर बसणारी घरपट्टी आणि तळाशी हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख, एवढाच तिचा ऐवज. बहुतेकांची पहिली नजर जाते ती कराच्या आकड्यावर. आकडा दुप्पट झालेला दिसला की कुणी चरफडत भरायची तयारी करतो, कुणी ओळखीच्या नगरसेवकाला गाठतो, कुणी मोर्चात सामील होतो. तळाची तारीख मात्र बघता बघता निघून जाते. माझे म्हणणे असे, की त्या नोटिशीतली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. हरकतींचा निकाल लागेपर्यंत तो आकडा कायद्याच्या दृष्टीने प्रस्तावित असतो. पालिकेने अंदाज मांडायचा, घरात राहणाऱ्याने त्यावर आपले म्हणणे द्यायचे, अधिकाऱ्याने ते ऐकून मगच मूल्य कायम करायचे, अशी या कामाची आखणी आहे. त्यामुळे हरकत घेणारा माणूस सवलत मागत नसतो आणि पालिकेशी वैरही धरत नसतो. आकारणीचा जो भाग त्याच्याशिवाय दुसरे कुणी पुरा करू शकत नाही, तो तो पुरा करत असतो.

घरपट्टी मुळात कशी ठरते ते आधी पाहू. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना लागू असलेला कायदा १९६५ चा आहे. त्याच्या कलम ११४ मध्ये पारंपरिक पद्धत दिली आहे. घर भाड्याने दिले तर वर्षाला जे वाजवी भाडे येणे अपेक्षित आहे ते धरायचे, त्यातून दुरुस्ती आणि इतर सगळ्या खर्चांपोटी १० टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. घर प्रत्यक्षात भाड्याने दिलेले असो वा नसो, हिशेब असाच. या मूल्यावर नगरपरिषदेने ठरवलेल्या टक्केवारीने मालमत्ता कर लागतो, आणि त्याच बिलात शिक्षण कर, वृक्ष कर यांसारखे इतर करही येतात. घराच्या बाजारभावावर आधारलेली भांडवली मूल्याची पद्धतही राज्यात आहे. मुंबईने ती २०१० पासून स्वीकारली, आणि ग्रामपंचायतींच्या घरपट्टीचे नियम २०१५ च्या अखेरीस त्या वाटेने गेले. इथे विचार करायचा आहे तो भाड्यावर आधारलेली आकारणी चालते त्या छोट्या गावांचा. अशा गावातल्या घरमालकाने एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. कराचा दर किती टक्के असावा हे सभागृहाच्या ठरावाने ठरते. वैयक्तिक हरकतीत तो प्रश्न सुटत नाही. आपल्या घराचे मूल्य किती धरावे, हा मात्र सर्वस्वी हरकतीचा विषय आहे. ‘कर फार झाला, परवडत नाही’ एवढेच लिहिलेला अर्ज म्हणूनच निष्फळ ठरतो. अधिकाऱ्याच्या हाती जे बदलण्याचा अधिकार आहे, त्याविषयी त्या अर्जात काहीच नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा घर ६० चौरस मीटरचे आहे, त्या भागासाठी दरमहा १० रुपये प्रति चौरस मीटर असे भाडे धरले आहे आणि कराचा दर २५ टक्के आहे. वर्षाचे भाडे झाले ७,२०० रुपये, १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ६,४८० आणि कर १,६२०. आता याच घराच्या १५ चौरस मीटरच्या पुढच्या खोलीपुढे ‘वापर’ या रकान्यात ‘वाणिज्य’ असे पडले आणि तिला ३० रुपये दर लागला, तर वर्षाचे भाडे १०,८०० होते, करयोग्य मूल्य ९,७२० आणि कर २,४३०. दराच्या टक्क्यात काडीचाही बदल नाही, घराची एक वीट हललेली नाही, तरी एका रकान्यातल्या एका शब्दाने कर दीडपट झाला. शिवाय रोजगार हमी कर बिगरनिवासी मालमत्तेवर बसतो आणि शिक्षण कराचा दरही तिथे चढा असतो, म्हणजे खरी वाढ त्याहून जास्त. त्या खोलीत कधीकाळी शिवणयंत्र होते, किंवा रस्त्याकडे शटर लावलेले होते, एवढ्यावरून सर्वेक्षणाला आलेला माणूस तो शब्द लिहून जाऊ शकतो. दुकान बंद होऊन किती वर्षे झाली, हे नकाशावर दिसत नाही.

अशा चुका कुणाच्या वाईट हेतूमुळे होतात असे नाही. त्या मोजणीच्या पद्धतीतच दडलेल्या असतात. गेल्या काही वर्षांत अनेक नगरपरिषदांनी खासगी संस्थांकडून उपग्रह किंवा ड्रोनची छायाचित्रे वापरून मालमत्तांचे सर्वेक्षण करून घेतले. नोंद न झालेली बांधकामे त्यातून उजेडात आली आणि ते योग्यच झाले. पण वरून घेतलेल्या चित्रात दिसते ते छप्पर. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या कौलारू घराचे छप्पर पावसापासून भिंती वाचाव्यात म्हणून चारी बाजूंनी बाहेर काढलेले असते. भिंतीपासून भिंतीपर्यंत ३० फूट लांब आणि २० फूट रुंद घर ६०० चौरस फुटांचे. पण वळचण सगळीकडून दोन फूट पुढे असेल तर छपराची कड ३४ बाय २४ भरते, म्हणजे ८१६ चौरस फूट. जागेवर टेप न लावता त्या कडेवरूनच क्षेत्रफळ काढले, तर घर ३६ टक्क्यांनी फुगते. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या जुन्या वाड्यात अडचण वेगळी. मधला चौक उघडा असतो, पण त्यावर उन्हासाठी हिरवे कापड किंवा पत्रा टाकलेला असला की तोही बांधकामात मोजला जाऊ शकतो. माळवदाच्या मातीच्या घरात दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा दिसला की बांधकामाच्या प्रकारात ‘आरसीसी’ पडू शकते, आणि आरसीसीचा दर मातीच्या बांधकामाहून जास्त असतो. बांधकामाचे वर्ष चुकले की घसारा चुकतो. चौरस फुटाचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात गेला तर घर जवळजवळ अकरापट होते. या सगळ्या गोष्टी घरमालकाला दारात उभे राहून दिसतात. कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला त्या कुणी दाखवल्याशिवाय दिसण्याची सोय नाही.

हा विचार नुसता व्यवहाराचा नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फार पूर्वी, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या एका खटल्यात मांडला आहे. १९२५ च्या मुंबई म्युनिसिपल बरोज कायद्याखाली बार्शीच्या नगरपालिकेने एक नियम केला होता. गिरण्या आणि कारखान्यांच्या इमारतींचे वार्षिक भाडे सरसकट दर १०० चौरस फुटांना ४० रुपये धरायचे, मग इमारत कशीही असो. बार्शीच्या लोकमान्य मिलने त्याला आव्हान दिले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. न्यायालयाच्या विवेचनात दोन गोष्टी आहेत. कायद्याने भाड्यावर आकारणी सांगितली असताना क्षेत्रफळाला ठोकळ आकड्याने गुणून आलेल्या रकमेचा वाजवी भाड्याशी संबंध उरत नाही, ही पहिली. दुसरी त्याहून मोलाची आहे. मूल्य असे आधीच बांधून टाकले तर करदात्याने हरकत घेऊन सांगायचे तरी काय? गुणाकार बरोबर आहे की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो, आणि कायद्याने दिलेला हरकतीचा हक्क नावापुरता उरतो. म्हणजे हरकतीला जागा न ठेवणे हाच त्या नियमाचा एक मूलभूत दोष ठरला. पुढे १९६५ चा कायदा आला तेव्हा भाड्यावरची आकारणीही टिकली आणि हरकतीची पायरीही.

यावर कुणी म्हणेल, की आजही नगरपरिषदा विभागवार दरांचे तक्ते करतात आणि क्षेत्रफळाला त्यांनी गुणतात, मग बार्शीचा निकाल कुठे गेला? प्रश्न रास्त आहे. हजारो घरांचे भाडे एकेक करून ठरवणे कोणत्याही कार्यालयाला झेपणारे नाही. त्या भागातल्या प्रत्यक्ष भाड्यांची माहिती घेऊन केलेला तक्ता ही सुरुवात म्हणून गैर नाही. मात्र तो तक्ताच अंतिम उत्तर मानला गेला, तर बार्शीचा दोष पुन्हा जिवंत होतो. हा फरक कागदावर आपोआप टिकत नाही. त्याच झोनमध्ये असूनही अमुक घर गल्लीच्या टोकाला आहे, तिथे चारचाकी जात नाही, पावसाळ्यात नाल्याचे पाणी उंबऱ्याला लागते, म्हणून तेवढे भाडे येणार नाही, असे कुणी पुराव्यानिशी सांगितले तरच तक्ता अंदाजाच्या जागी राहतो. आंध्रातल्या गुंटूर गावच्या करदात्यांच्या संघटनेने हेच केले. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या घराचे मूल्य ठरवताना त्या कायद्याने मिळू शकणाऱ्या भाड्याची मर्यादा पालिकेने विचारात घेतलीच पाहिजे, असा निकाल त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली दिला. पुढच्या काही निकालांनी, त्या त्या राज्याच्या कायद्यातले शब्द पाहून, या तत्त्वाला मर्यादा घातल्या. तरी मुद्दा कायम राहिला: वाजवी भाडे ही तपासता येणारी वस्तुस्थिती आहे, पालिकेची मर्जी नाही.

आता प्रत्यक्ष मार्ग. आकारणी यादी तयार झाली की ती प्रसिद्ध होते, आणि मालकाला किंवा भोगवटादाराला ती पाहण्याचा आणि तिच्यातले उतारे विनाशुल्क लिहून घेण्याचा हक्क कायदा देतो. हा हक्क आधी वापरावा. शेजारच्या सारख्या घराला कोणता दर लागला आहे, कोणता प्रकार लिहिला आहे, हे तिथेच कळते, आणि तुलना हा हरकतीतला सर्वांत बोलका पुरावा असतो. कलम ११९ नुसार हरकतींसाठी जाहीर नोटिशीने मुदत दिली जाते. मूल्य वाढले असेल किंवा घर यादीत प्रथमच आले असेल तर मालकाला स्वतंत्र नोटीस मिळते. हरकत लेखी हवी, मुदतीत हवी आणि तिच्यात कारणे हवीत. सुनावणी प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यापुढे होते. हा अधिकारी सहसा नगररचना विभागाचा असतो, म्हणजे गावच्या राजकारणापासून थोडा बाजूला. त्यानंतर यादी कायम होते आणि बिले निघतात. बिलावर मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येते, पण कलम १७० ची दारे अरुंद आहेत: अपील बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत करावे लागते, बिलाची रक्कम आधी भरावी लागते, आणि मूळ हरकत मुदतीत घेतलेली असावी लागते. ही तिसरी अट फार जणांना उशिरा समजते. ज्याने पहिल्या टप्प्यावर तोंड उघडले नाही, त्याला पुढच्या टप्प्यावर बोलता येत नाही. तळाच्या तारखेला मी सर्वांत महत्त्वाची ओळ म्हटले, त्याचे कायद्यातले कारण हे आहे. चुकून किंवा अनवधानाने झालेली नोंद मधल्या काळात दुरुस्त करण्याची तरतूदही कायद्यात आहे, पण तिच्या भरवशावर मुदत घालवणे शहाणपणाचे नाही.

चांगली हरकत एका पानात मावते. वर मालमत्ता क्रमांक, वॉर्ड आणि नोटिशीची तारीख. मग एका मुद्द्याला एक परिच्छेद: नोटिशीत काय लिहिले आहे, प्रत्यक्ष काय आहे, आणि त्याचा पुरावा कोणता. ‘क्षेत्रफळ ७५.८ चौरस मीटर नोंदले आहे. भिंतींच्या बाहेरून मोजता ते ५५.७ चौरस मीटर भरते. मापांसह हातनकाशा आणि मंजूर बांधकाम नकाशाची प्रत जोडली आहे. जागेवर फेरमोजणी व्हावी.’ एवढे पुरते. वापराबद्दल वाद असेल तर घरगुती दराचे वीजबिल जोडावे. बांधकामाच्या वर्षाबद्दल असेल तर जुना असेसमेंट उतारा किंवा बांधकाम परवानगी. भाड्याच्या दराबद्दल असेल तर त्याच गल्लीतला नोंदणी झालेला भाडेकरार, मिळाल्यास. शेवटी आपल्या मते मूल्य किती असावे, ते हिशेब मांडून लिहावे. नुसता नकार दिला तर अधिकाऱ्याला तडजोडीचा आकडा स्वतःच शोधावा लागतो. अर्ज आवक विभागात देऊन प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि सुनावणीला स्वतः जावे किंवा माहितगार माणसाला लेखी अधिकार देऊन पाठवावे. यात वकिलाची गरज क्वचितच पडते. कर थकवून मात्र लढू नये. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. ‘हरकत राखून’ असे पत्र देऊन बिल भरले तर हक्कही टिकतो आणि शास्तीही वाचते.

या सगळ्याविरुद्ध काही आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की वर्षाला पाच-आठशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण ही नोंद एका वर्षाची नसते. कायद्याप्रमाणे नवी यादी दरवर्षी करावी लागत नाही; निदान चार वर्षांतून एकदा ती करायची असते. चुकीचा आकडा म्हणून चार वर्षे चालतो, आणि पुढची आकारणी बहुधा जुन्या नोंदीवरच आधारते. निवासी घरापुढे एकदा ‘वाणिज्य’ लागले की ते पुढच्या यादीत उतरत जाते. दुसरा आक्षेप भीतीचा आहे: हरकत घेतली की माणसे मोजायला येतील आणि मागच्या बाजूला बांधलेली खोली सापडेल. हे खरे आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही. फेरमोजणी दोन्ही बाजूंनी कापते. म्हणून हरकत घेण्याआधी आपले घर आपणच प्रामाणिकपणे मोजावे. नोंद आपल्या बाजूने चुकलेली असेल, तर हरकतीचे कारणच उरत नाही. पण ज्याची नोंद खरोखर जास्तीची आहे, त्याने या भीतीपोटी गप्प बसणे म्हणजे दुसऱ्यांच्या न नोंदलेल्या खोल्यांचाही भार आपल्या खिशातून उचलणे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. तेव्हापासून स्वतःचे म्हणावे असे त्यांच्याजवळ जे उत्पन्न राहिले, त्यात घरपट्टी मुख्य. पाणी, गटारे, दिवाबत्ती, कचरा यांच्या तक्रारी करणाऱ्यांनीच करावर हरकती घ्यायच्या, हे कसे? याचे उत्तर असे, की पालिकेचे उत्पन्न आणि आकारणीची अचूकता यांत विरोध नाही. गावाला जास्त पैसा लागत असेल तर सभागृहाने उघडपणे दर वाढवावा, त्याची जबाबदारी घ्यावी आणि मतदारांना उत्तर द्यावे. तोच पैसा चुकीच्या क्षेत्रफळातून आणि चुकीच्या वापरातून गोळा झाला, तर वाढ कुणी केली हे कळत नाही आणि तिचा बोजा सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याची ओळख आहे त्याची नोंद परस्पर सुधारते, ज्याची नाही त्याची तशीच राहते. असा कर लोक मनापासून भरत नाहीत, थकबाकी साचते, आणि पालिकेचे वसुलीचे कामही अवघड होते. लेखी हरकतीने जे बदलते ते कागदावर, कारणासह बदलते. शेजाऱ्याला ते वाचता येते आणि तेच कारण लागू असेल तर मागताही येते.

याच कसोटीवर मोर्च्यांकडेही पाहावे. करवाढीविरुद्ध सर्वपक्षीय आंदोलन झाले, शासनाने स्थगिती दिली, गावात पेढे वाटले गेले, हा क्रम महाराष्ट्राला परिचित आहे. सरसकट अन्याय असेल तेव्हा सामुदायिक आवाज हवाच. पण स्थगितीने वाढ थांबते, नोंद सुधारत नाही. यादीतले ८१६ चौरस फूट ८१६ च राहतात, आणि स्थगिती उठली की ते पुन्हा बिलावर येतात. म्हणून आंदोलन करणाऱ्या संघटनांनीही वॉर्डावॉर्डांत टेप, यादीची प्रत आणि हरकतीचे नमुने घेऊन बसावे. त्यातून निघणाऱ्या शंभर नेमक्या हरकती तक्त्यातला दोष जितका स्पष्ट दाखवतील, तितका एक लाख घोषणांनी दिसणार नाही.

नगरपरिषदांकडूनही काही अपेक्षा ठेवता येतात, आणि त्या खर्चिक नाहीत. नोटिशीवर नुसते मूल्य न छापता ज्यावरून ते काढले ते सर्व छापावे: मोजलेले क्षेत्रफळ आणि ते कसे मोजले, बांधकामाचा प्रकार, वर्ष, वापर, लावलेला दर, वजावट. दरांचा तक्ता कोणत्या भाड्यांवरून केला ते कार्यालयात पाहायला ठेवावे. सुनावणीचा निर्णय दोन ओळींत का होईना, कारणासह द्यावा. आकडा कसा आला हे ज्याला समजते, तो निम्म्या वेळा हरकत न घेताच कर भरतो, आणि उरलेल्या वेळी जी हरकत घेतो ती नेमकी असते. तोवर घरमालकाच्या हाती जे आहे ते त्याने करावे. नोटीस आली की कराच्या आकड्याआधी वरचे रकाने वाचावेत, घर मोजावे, यादी पाहावी. नोंद बरोबर असेल तर निःशंक मनाने कर भरावा, चूक असेल तर मुदतीच्या आत लिहून द्यावे. गावाचा कर न्याय्य आहे की नाही याचा निवाडा अशाच घरोघरच्या तपासणीतून होतो, आणि ती तपासणी करण्याचा अधिकार कायद्याने पालिकेइतकाच घरमालकालाही दिलेला आहे.